रत्नागिरीत डिसेंबरात काय असतं?

प्रश्न साधाच होता. कँटीनमध्ये चहा पिताना टीममधल्या एकाने विचारलं, "तुझ्या रत्नागिरीत डिसेंबरात काय असतं?" रिलीज पार पडलं होतं, शनिवार-रविवार मोकळा होता आणि मंडळींना कुठेतरी जायचं होतं. मी अजिबात विचार न करता म्हणालो, "काही नसतं रे. आंबे मे महिन्यात, गणपती भाद्रपदात, शिमगा फाल्गुनात. डिसेंबरात आपला नुसता समुद्र."

"समुद्र तर समुद्र," तो म्हणाला. आणि आम्ही चौघे निघालो.

आता हे उत्तर दिलं कुणी? ज्याने आयुष्यातली पहिली अठरा वर्षं रत्नागिरीत काढली त्याने. पुढे शिक्षणासाठी पुणे, मग नोकरी, मग कर्ज काढून घेतलेला फ्लॅट. गेली सोळा वर्षं मी वर्षातून तीनदा रत्नागिरीला जातो. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातला एक आठवडा. चाकरमान्याचं ठरलेलं वेळापत्रक. (पूर्वी चाकरमानी म्हटलं की मुंबईचा, आता हिंजवडीचाही चालतो.) मी डिसेंबरात घरी शेवटचा कधी होतो, हे गाडीत बसून आठवायला लागलो तर थेट बारावीपर्यंत मागे जावं लागलं. म्हणजे "काही नसतं" हे मी सोळा वर्षांपूर्वीच्या माहितीवर ठोकून दिलं होतं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता.

आमचा कार्यक्रम नेहमीचाच होता. शनिवारी गणपतीपुळे, संध्याकाळी भाट्याचा किनारा, रविवारी सकाळी रत्नदुर्ग आणि जेवून परत. घरी पोचलो, आईने घावन आणि चहा पुढे ठेवला. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आज नाटक आहे स्पर्धेचं. येताय का?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा. दर वर्षी नोव्हेंबरात बाबांचा फोन येतो, "राज्य नाट्यच्या तारखा लागल्या. येतोस का?" मी म्हणतो, "बघतो." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे 'नाही' हे दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे बाबा पुढे काही विचारत नाहीत आणि मीही काही सांगत नाही.

या वेळी 'बघतो' म्हणायला जागाच नव्हती. समोर चार जण घावन खात बसले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्र शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा गेली साठाहून अधिक वर्षं चालू आहे. राज्यात ठिकठिकाणी केंद्रं असतात, रत्नागिरी हे त्यातलं एक. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात रोज संध्याकाळी एक नाटक होतं. कामं करणारे कोण? बँकेत कॅशियर असलेला माणूस, शाळेतल्या बाई, एसटीत वर्कशॉपला असलेला एक, कॉलेजची पोरं. दिवसभर आपापली कामं करून दोन-दोन महिने रात्री तालमी करतात. तिकीट इतकं स्वस्त असतं की मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्यात पॉपकॉर्नचा वाससुद्धा मिळणार नाही.

आम्ही गेलो. नाटक महान होतं असं मी म्हणणार नाही. पहिला अंक लांबला होता, एका प्रवेशात दिव्यांचं गणित चुकलं आणि नायक दहा सेकंद अंधारातच बोलला. पण मध्यंतरात बाहेर आलो तर काय! चहाच्या टपरीपाशी सहा-सात जणांचं टोळकं तावातावाने भांडत होतं. नाटकावर! एकाचं म्हणणं, दिग्दर्शकाने शेवट आधीच फोडला. दुसरा म्हणत होता, "तुला कळलं नाही, म्हणजे फोडला असं नव्हे." पु. लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीचाच, आणि त्याचे वारसदार अजून जिवंत आहेत याची खात्री पटली. आमच्यातला एक हैदराबादचा. पुण्यात सात वर्षं काढून त्याला मराठी कामापुरतं कळतं. तो परत येताना म्हणाला, "अर्धं नाटक मला समजलं नाही. पण ते लोक भांडत होते ना, ते सगळं समजलं." :-)

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी कपाटातून एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची. त्यात तारीख, नाटकाचं नाव, संस्था आणि पुढे मार्क. शंभरपैकी. स्पर्धेतलं प्रत्येक नाटक बघून आल्यावर बाबा स्वतःचे मार्क देतात आणि निकाल लागला की परीक्षकांचं कुठे चुकलं ते समासात लिहितात. मी ती वही लहानपणी पाहिली होती, पण अजून चालू असेल असं वाटलं नव्हतं. जुनी पानं चाळली. सुरुवातीच्या पानांवर मार्कांचे चार रकाने होते. बाबा आणि त्यांचे तीन मित्र. मग एका वर्षापासून तीन रकाने. मग दोन. गेली चार वर्षं एकच.

"बाकीचे?" मी विचारलं, उगाचच. मला माहीत होतं. दोघे गेले, तिसरे काका मुलाकडे कोथरूडला राहायला आले.

"आता एकच तिकीट काढतो," बाबा म्हणाले आणि माझ्या टीमला विचारलं, "हं, तुमचे मार्क सांगा."

बाबांचं हे वाक्य पुण्याला येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. त्यातूनच हा लेख निघाला आहे, तेव्हा जरा लांबला तर सांभाळून घ्या.

आधी माझी चूक दुरुस्त करतो. डिसेंबरात रत्नागिरीत काय असतं? परत आल्यावर बाबांशी फोनवर बोलून मी एक यादी केली. हवं तर 'डिसेंबर' म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा ते माघ संपेपर्यंत असं धरा. आमच्याकडे खरी थंडी पडतच नाही, त्यामुळे हिवाळ्याच्या सीमारेषा आम्ही आमच्या सोयीने आखतो.

नोव्हेंबरात आर्ट सर्कल ही संस्था पुलोत्सव करते. पु. ल. रत्नागिरीचे जावई, ठाकुरांच्या सुनीताबाईंशी त्यांचं लग्न १२ जून १९४६ ला रत्नागिरीतच झालं. तेव्हा जावयाचं कौतुक हक्काचं आहे. मग राज्य नाट्य स्पर्धा. जानेवारीत कीर्तनसंध्या, म्हणजे चारुदत्त आफळेबुवांचं ओळीने काही संध्याकाळी कीर्तन. कीर्तनाला मैदान भरतं हे पुण्यातल्या माझ्या मित्रांना सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. पण भरतं. जानेवारीच्या उत्तरार्धात थिबा राजवाड्याच्या आवारात, उघड्यावर, कला संगीत महोत्सव. तोही आर्ट सर्कलचाच. शिवाय खल्वायन ही संस्था वर्षभर मासिक मैफली घेते आणि संगीत नाटकं जिवंत ठेवते. त्या मैफलींना थंडी-उन्हाळा असं काही नाही.

हे झालं शहरात. बाहेर पडलात तर मकर संक्रांतीला मार्लेश्वर. संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत मारळ गावाजवळ गुहेतला शंकर. त्या दिवशी त्याचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं. वराची पालखी आंगवलीहून येते, वधूची साखरप्याहून, मागणी होते, मानपान होतात, सगळं रीतसर. माघ पौर्णिमेच्या सुमारास रत्नागिरीजवळच्या हातीस गावात पीर बाबरशेखचा उरूस असतो. तो भरवतात गावातली हिंदू कुटुंबं. यावर आमच्याकडे कुणी भाषणं देत नाही. उरूस आहे, जायचं असतं, एवढंच.

आणि हे सगळं याच दिवसांत का? कारण उघड आहे. भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. आंब्याला मोहोर धरायला लागलेला असतो, पण आंबा यायला वेळ असतो. पाऊस नाही, घाम कमी. माणसाला संध्याकाळी मोकळा वेळ असेल तर तो याच तीन महिन्यांत. गणपती आणि शिमग्याला रत्नागिरी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी भरते. मे महिन्यात पर्यटकांनी. हिवाळ्यात ती स्वतःपुरती असते. म्हणूनच बाहेर कुणाला पत्ता नसतो. अगदी मलाही नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. असं काही लिहिलं की लगेच एक सूचना येते. "अरे, मग याचं ब्रँडिंग करा! रत्नागिरी विंटर फेस्टिव्हल! बीचवर स्टेज टाका, मुंबईहून सेलिब्रिटी आणा, फूड स्टॉल लावा, पर्यटक येतील." गावोगावचे 'पर्यटन महोत्सव' याच विचारातून निघतात. माझं मत असं की पाहुण्यांसाठी म्हणून उत्सव भरवू नये. आपला उत्सव आपण नीट करावा आणि त्यात पाहुण्याला पाट मांडावा. या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत फार फरक आहे.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो, कारण मला तेवढंच येतं. सॉफ्टवेअर दोन प्रकारचं असतं. एक डेमोसाठी केलेलं आणि दुसरं रोज वापरायचं. डेमो चकचकीत असतो. ज्या बटणावर क्लिक करायचं ठरलंय तेवढंच चालतं. पाहुणा खूश होऊन गेला की कुणी त्या कोडकडे ढुंकून बघत नाही, कारण ते कुणी वापरतच नसतं. जे सॉफ्टवेअर करणारी माणसं स्वतः रोज वापरतात, ते कुरूप असलं तरी सुधारत जातं. कारण काही मोडलं की ते त्यांनाच टोचतं. राज्य नाट्यला दिवे चुकले तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्या प्रकाशयोजनाकाराला चार माणसं भेटून सांगतात. पर्यटन महोत्सवातले दिवे चुकले तर कोण कुणाला सांगणार? ऐकणारे आपापल्या गावी परत गेलेले असतात आणि दिवेवाला पुढच्या गावी.

बाहेरचं उदाहरण बघा. जपानमधल्या सापोरोचा हिमोत्सव आज जगभर माहीत आहे, लाखोंनी लोक येतात. त्याची सुरुवात १९५० साली शाळकरी पोरांनी ओदोरी पार्कमध्ये बर्फाचे सहा पुतळे केले तिथून झाली. कुणा पर्यटकाला बोलवायला नव्हे. बर्फ मुबलक होता, पोरांना हौस होती. जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व. भीमसेन जोशींनी १९५३ साली तो गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. आज डिसेंबरात त्यासाठी देशभरातून लोक पुण्यात येतात, पण तो भरवला गेला ऐकणाऱ्यांसाठी.

प्रामाणिकपणे उलट उदाहरणही दिलं पाहिजे. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव सरकारने २००० साली मुद्दाम पर्यटनासाठी सुरू केला. कोहिमाजवळच्या किसामाला डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत होतो आणि चांगला चालला आहे. म्हणजे पाहुण्यांसाठी भरवलेला उत्सव चालतच नाही असं नाही. पण त्यामागे एक अख्खं राज्य सरकार दर वर्षी उभं असतं, आणि तिथे दाखवतात ती नाच-गाणी गावागावांत आधीपासून होतीच. आपल्याकडे 'महोत्सव' म्हणजे एका वर्षीचं अनुदान, एका वर्षीचा मांडव आणि पुढच्या वर्षी पालकमंत्री बदलला की मोकळं मैदान.

इथे कुणीतरी मला पकडणार हे माहीत आहे. "राज्य नाट्य तर सरकारच भरवतं की!" बरोबर आहे. म्हणून पैसे कोण देतं हा माझा निकष नाही. खुर्चीवर कोण बसतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कोण भांडतं, हा आहे. सरकारने खर्च करावा, जरूर करावा. पण भांडणारी माणसं सरकारला पुरवता येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "तू पुण्यात बसून पगार घेतोस. इथल्या पोरांना रोजगार कुठून येणार? पर्यटक आला तरच लॉज भरणार, रिक्षा चालणार, खाणावळ चालणार." हे अगदी मान्य. मी स्वतः रत्नागिरीत नोकरी नव्हती म्हणूनच बाहेर पडलो, तेव्हा इथल्या माणसाला पैसे नकोत असं सांगायचा मला काडीचा अधिकार नाही. पण पैसे कशाने येतात ते तरी बघू या. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे गाव घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं. मादी हिवाळ्यात किनाऱ्यावर अंडी घालते, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. थंडी सरता सरता तिथे कासव महोत्सव सुरू होतो. त्यात स्टेज नाही, सेलिब्रिटी नाही. लोक गावातल्याच घरांत उतरतात, तिथलंच जेवतात, पैसे थेट घरात येतात. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जायचं. पिल्लं निघाली तर निघाली, नाही तर परत या. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पाहुण्याचं वेळापत्रक कासव ठरवतं. तरी लोक येतात. किंबहुना म्हणूनच येतात.

आणि पाहुण्यालाही खरं तर तेच हवं असतं. माझ्या टीमने गणपतीपुळ्याला काढलेले फोटो सोमवारपर्यंत विसरले गेले होते. पण त्या अंधारात बोलणाऱ्या नायकावर आम्ही अजून कँटीनमध्ये हसतो, आणि दिग्दर्शकाने शेवट फोडला की नाही यावर दोन गट पडले आहेत. त्यांना बीचवरचा मांडव कुठेही मिळाला असता. भांडणारी रत्नागिरी मिळाली नसती.

थिबा राजवाड्याचं मला या बाबतीत नेहमी नवल वाटतं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा हा रत्नागिरीचा सगळ्यात प्रसिद्ध पाहुणा, आणि बिचारा नाइलाजाने आलेला. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ ला त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० साली आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. तीस वर्षं. त्याला नजरकैदेत ठेवण्यासाठी हे गाव निवडलं कारण ते मंडालेपासून आणि एकूणच सगळ्यापासून लांब होतं! पुढे कुटुंब ब्रह्मदेशात गेलं, पण थोरली राजकन्या परत आली आणि रत्नागिरीचीच होऊन राहिली. त्याच आवारात आज जानेवारीतल्या रात्री गाणं होतं. गावातली माणसं शाल घेऊन (रत्नागिरीत शालीची गरज नसते, पण मैफलीला शाल लागते) खुर्च्यांवर बसतात. बाबा म्हणाले, तिथे गाणं ऐकताना मध्येच राजवाड्याकडे लक्ष जातं, आणि कोण कुठला राजा, कुठे येऊन पडला, असं वाटतं. आमचे बाबा एरवी असं काही बोलत नाहीत.

आता थोडं रत्नागिरीकरांना. फक्त बाहेरच्यांना शहाणपण शिकवून कसं चालेल? आपलं एक वाईट आहे. आपण कार्यक्रम उत्तम करतो आणि त्याची बातमी आपल्यातच ठेवतो. पत्रिकेत 'रसिकांनी उपस्थित राहावे' असं छापतो आणि ती पत्रिका आधीपासूनच येणार असलेल्या दोनशे रसिकांनाच देतो. लॉजवर उतरलेल्या माणसाला, स्टेशनवरून रिक्षात बसलेल्या बाईला पत्ताच लागत नाही की कोपऱ्यावरच्या नाट्यगृहात आज सात वाजता नाटक आहे. मोठं ब्रँडिंग नको, एक कागद पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुठे काय आहे, किती वाजता, तिकीट कुठे मिळेल. मराठीत आणि जमलं तर हिंदी-इंग्रजीत. स्टेशनवर, एसटी स्टँडवर, प्रत्येक लॉजच्या काउंटरवर. आणि तारखा दोन महिने आधी ठरवा हो! पुण्या-मुंबईच्या माणसाला शुक्रवारच्या रात्रीचं रिझर्व्हेशन काढायचं असतं. आठवडाभर आधी तारीख कळून काय उपयोग?

त्याच कागदावर दिवसाचं फिरणंही घालता येईल. कातळशिल्पंच घ्या. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, जांभ्याच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरून ठेवलेली चित्रं. कशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी किती प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पावसाळ्यात सडा गवताने आणि पाण्याने भरतो आणि मे महिन्यात पायाला चटके बसतात. बघायची तर थंडीतच, सकाळी. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ. गणपतीपुळ्याला जाणारे किती जण तिथे थांबतात? आम्हीही थांबलो नाही. दिवसा हे, संध्याकाळी नाटक किंवा गाणं, रात्री मासे नाही तर कुळथाचं पिठलं. दोन दिवस कमी पडतील.

पाहुण्यांनाही दोन शब्द. पाट मांडला म्हणून घर आपलं होत नाही. कातळशिल्पांवर बूट घालून उभं राहून फोटो काढू नका. मार्लेश्वराचं लग्न हे लग्न आहे, शूटिंग नाही. करवल्यांना 'जरा बाजूला व्हा' म्हणू नका. नाटकात मोबाइल वाजला तर रत्नागिरीकर तुम्हाला जे ऐकवेल त्याला मी जबाबदार नाही.

आणि शेवटी आम्ही चाकरमानी. खरं तर हा लेख आमच्यासाठीच आहे. आम्ही गावाला 'काही नाही' म्हणतो, कारण आम्ही असतो तेव्हाच गाव असतं असं आम्हाला वाटतं. गणपतीला आम्ही येतो, आरत्या म्हणतो, मोदक खातो, रील टाकतो आणि परत जातो. इकडे हिवाळाभर गाव स्वतःचं नाटक, स्वतःचं गाणं, स्वतःचं कीर्तन उभं करत असतं. तालमीला पोरं कमी पडतात, खुर्च्या लावायला हात कमी पडतात. नाटक संपल्यावर नेपथ्य टेम्पोत चढवणाऱ्यांत पन्नाशीच्या खालचे तिघेच होते, मी मोजले. आणि बाबांच्या वहीत एकच रकाना उरतो. ही नाटकं, मैफली एका दिवसात बंद पडणार नाहीत. एकेक तिकीट कमी होत होत बंद पडतील. त्यातलं एक सोळा वर्षं माझं होतं.

मी काही नोकरी सोडून रत्नागिरीला परत जाणार नाही. तसले लेख मला लिहिता येत नाहीत आणि वाचवतही नाहीत. पण वर्षातल्या तीन फेऱ्यांतली एक, मे महिन्यातली, मी आता हिवाळ्यात न्यायची ठरवली आहे. आंबे काय, पेटी पार्सलने येते. आणि तो कागद मी बाबांबरोबर बसून केला आहे. तारखांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात, त्या दर वर्षी भरायच्या. शंभर प्रती काढून बाबांनी त्या ओळखीच्या तीन लॉजवाल्यांकडे दिल्या. एकाने काउंटरवर लावला. दुसऱ्याने घडी करून खिशात ठेवला. तिसरा म्हणाला, "काका, हे सगळं आपल्याकडे असतं?" तो रत्नागिरीचाच आहे.

परवा बाबांचा फोन आला. "थिबाची तिकिटं काढायची आहेत. किती काढू?"

मी 'बघतो' म्हणणार होतो, सवयीने. कॅलेंडर उघडलं तर त्याच आठवड्यात पुढचं रिलीज. मॅनेजरशी बोलायला लागेल, तो कुरकुरणार. हैदराबादवाल्याला हाक मारून विचारलं. तो येतोय.

"तीन काढा," म्हटलं.

तुम्हीही येणार असाल तर स्वेटर आणू नका, लागत नाही. डासांचं मलम मात्र आणा.